वाचून दाखवले, बरोबर आहे

"न्हाय," ती बाई म्हणाली.

साहेबांनी नेहमीप्रमाणे मान वर न करता विचारलं होतं, "वाचून दाखवलं?" आणि मी नेहमीप्रमाणे मान खाली ठेवून म्हटलं होतं, "होय, साहेब." सोळा वर्षं मी हेच म्हणत आलो. साहेब बदलले, सहा की सात झाले असतील. कुणी नगरचे, कुणी रत्नागिरीचे, एक तर असे की त्यांना सोलापूरचा उन्हाळा सोसेना म्हणून टेबलाखाली पाण्याची बादली ठेवून तीत पाय सोडून बसायचे. पण प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. मग सही होई, कागद माझ्याकडे सरके, मी पुढचा कागद सरकवी. त्या दिवशी साहेबांचं पेन कागदाला टेकलं होतं, नुसतं टेकलं होतं, आणि खालून ते "न्हाय" आलं. मोठ्यानं नाही आलं. शेजारणीनं चहाला दूध आहे का म्हणून विचारावं आणि आतून कुणी सहज न्हाय म्हणावं, तेवढंच. पण पेन थांबलं. कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत गेला आणि तो मोठा होताना मी बघत राहिलो.

माझं नाव महादेवप्पा. मूळचा होटगीचा. घरात कानडी, कोर्टात मराठी, आणि तीही अशी इस्त्री केलेली की गावाकडचा माणूस भेटायला आला की मी त्याला बाहेर लिंबाखाली नेऊन बोलायचो, उगाच आपल्या तोंडून एखादं 'हाय-न्हाय' निसटायला नको म्हणून. या नोकरीत मी काय मिळवलं म्हणाल तर अक्षर. माझं अक्षर सगळ्या कोर्टात वाखाणलं जाई. मोती, असं म्हणत लोक. प्रत्येक जबाबाखाली मी त्याच मोत्यांत लिहीत असे, 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली डाव्या हाताचा अंगठा. तो अंगठासुद्धा मीच धरायचो, शाईत दाबायचो, कागदावर लोळवायचो. बायांचे हात नुसते माझ्या हातात यायचे आणि जायचे. आता आठवायला गेलं तर त्यांतला एकही हात मला आठवत नाही. हजारांत असतील.

त्या बायांचा वार सोमवार. पेठेमागच्या गल्लीत शनिवारी पोलिसांची धाड पडायची आणि सोमवारी सकाळी निळी गाडी आमच्या दारात यायची. अनैतिक व्यापाराचा कायदा. बाया उतरायच्या, भिंतीला पाठ लावून फरशीवर ओळीनं बसायच्या, कुणी वेणी घालायची, कुणी तिथंच डुलकी काढायची. कुणी गुन्हा कबूल करून दंड भरी, कुणी तारीख घेऊन जामिनावर सुटे. काही केलं तरी दारात महिपती असायचाच. महिपती म्हणजे गल्लीत कोठे चालवणाऱ्या घरवाल्या बायकांचा ठरलेला जामीनदार. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, बोलायला लोण्यासारखा मऊ. जमिनीचा सात-बारा प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून खिशात. मला 'अण्णा' म्हणायचा, अकरा वाजता चहा पाठवायचा. मी तो प्यायचो. बाईला महिपतीच्या ताब्यात द्यायची आणि महिपतीनं टांग्यात घालून गल्लीत परत न्यायची, हे इतक्या वेळा झालं होतं की शनिवारी दुपारी काम कमी असलं म्हणजे मी ताब्याच्या हुकुमाचे दहा-बारा कागद आधीच भरून ठेवत असे. महिपतीचं नाव, बापाचं नाव, गाव, सात-बाराचा नंबर, सगळं तयार. बाईच्या नावाची तेवढी जागा रिकामी. याला मी कामसूपणा समजत होतो, आणि साहेबांनीही एकदा सगळ्यांपुढं माझं कौतुक केलं होतं.

आणि त्या सोमवारी, चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात, निळी गाडी यायच्या आधीच ही बाई आली. एकटी. चालत. मी कपाट उघडत होतो. मागं वळलो तर ही टेबलापुढं उभी, कपाळाला घाम, पायांत चपला नाहीत. मी म्हणालो, गाडी अजून आलेली नाही, बाहेर बस. ती म्हणाली, "मी गाडीतनं न्हाय आले. माझी मी आलीया." मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. पण ती बोलू लागली आणि जे बोलली ते ऐकून कपाटाची किल्ली माझ्या हातात तशीच राहिली. "वेश्याव्यवसाय करनारी, किंवा जिच्याकडून तो करवून घेतला जातो, अशी कोनतीबी स्त्री, आपनास संरक्षनगृहात ठेवावे असा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करू शकेल. कलम एकोनीस." डोळे उघडले. "त्यो अर्ज मला करायचा हाय. लिवून द्या."

मी कायद्याचं पुस्तक काढलं. खणात तळाला होतं, त्यावर माझा जेवणाचा डबा ठेवायची सवय, त्यामुळं वर तेलाचं गोल वर्तुळ. एकोणिसावं कलम असलेली दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. टाचणीनं सोडवावी लागली. तिथं ते होतं. अक्षरन् अक्षर. बाईला स्वतःहून येऊन 'मला इथून सोडवा' असं म्हणायचा हक्क त्या चिकटलेल्या पानांत अठरा वर्षं पडून होता, आणि त्यातली सोळा वर्षं मी त्यावर डबा ठेवून जेवत होतो. तुला हे कुणी शिकवलं, मी विचारलं. ती म्हणाली, कुणी न्हाय. गेल्या उन्हाळ्यात धाडीत धरून आणली होती तेव्हा ती त्या भिंतीशी बसली होती, आणि एक नवा पोरसवदा वकील दुसऱ्याच एका बाईसाठी साहेबांपुढं ते कलम वाचत होता. मला ते अंधूक आठवलं. ती दुसरी बाई ऐन वेळी घाबरली, नको म्हणाली, आणि महिपती तिला घेऊन गेला. आम्ही नंतर त्या वकिलाला बरंच हसलो होतो. ही मात्र भिंतीशी बसून ऐकत होती. एकदाच ऐकलं. वर्षभर तिनं ते जपून ठेवलं, त्या गल्लीत, त्या गलक्यात, आणि मोडतोड न करता माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मला आत कुठंतरी थरथरल्यासारखं झालं. सिद्धरामेश्वराच्या तळ्यात पहाटे पाय घालताना होतं तसं. भीती नव्हे, पण भीतीच्या घरचंच काहीतरी.

नाव विचारलं तर बजाबाई म्हणाली. रजिस्टरात गेल्या दोन खेपांना माझ्याच अक्षरात 'विजयमाला' होतं. "ते त्यांनी ठिवलेलं," ती म्हणाली. "आयबापानं बजाबाई ठिवलं. तेच लिवा." वय सव्वीस. वैरागकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती, तिथला मुकादम मिलमध्ये काम देतो म्हणून सोलापूरला घेऊन आला. मिल तिनं बाहेरून पाहिली. भोंगा रोज ऐकला. संरक्षणगृहात माग आहेत, टॉवेल विणायला शिकवतात, असं कुणाकडून तरी तिच्या कानावर आलं होतं. हे सगळं ती सांगत होती, मी लिहीत होतो, तोवर निळी गाडी आली, भिंत भरली, तिप्पण्णा शिपाई पुकाऱ्याला उभा राहिला, साहेब आले. मी अर्ज पुढं ठेवला. साहेबांनी वाचला, भुवई उचलली, "असा अर्ज मी पहिल्यांदा बघतोय," म्हणाले आणि म्हणाले, "चौकशी होईपर्यंत योग्य ताब्यात ठेवा. हुकूम तयार करा." मी गठ्ठ्यातला कागद ओढला, नाव घातलं, पुढं ठेवला. "वाचून दाखवलं?" "होय, साहेब." "न्हाय."

साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणाल्या, बाई?"

"मला वाचून न्हाय दावलं." तिनं पदर खांद्यावर नीट केला. "तुमी इचारलं म्हनून सांगितलं. ह्ये व्हय म्हनत्यात, पर दर खेपंला म्हनत्यात तसंच म्हनत्यात. मागच्या दोन टायमालाबी न्हवतं वाचलं."

तिप्पण्णा माझ्याकडं बघत होता, ज्या नजरेनं लोक पडलेल्या माणसाकडं बघतात. मला पहिल्यांदा आला तो राग, हे कबूल करतो. कोण ही, आणि कुणाच्या अक्षराला नावं ठेवते! साहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला. "वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू येईल असं." आणि मी वाचू लागलो. अर्ज वाचला. स्वतःचंच लिहिलेलं वाचताना जीभ अडखळत होती. लिहिताना जी वाक्यं भराभर गेली होती ती वाचताना जड लागत होती. 'सदर इसमाने कामाचे आमिष दाखवून.' एवढ्याशा वाक्यात एक अख्खी बाई गेली होती. ती ऐकत होती, मान किंचित तिरकी करून, एकेक शब्द निवडून बाजूला ठेवल्यासारखी. मग मी हुकूम वाचायला घेतला. "अर्जदार बजाबाई, वय सव्वीस, हिला चौकशी पुरी होईपर्यंत..." आणि पुढची ओळ मला दिसली.

'श्री. महिपती यांच्या ताब्यात देण्यात यावे.'

माझंच अक्षर. मोती. शनिवारी दुपारी पंख्याखाली बसून, विडा चघळत लिहिलेलं. ज्या दारातून सुटायला ती उन्हात अनवाणी चालत आली होती, त्याच दारात मी तिला कायद्याच्या हातानं परत नेऊन घालत होतो, आणि ती 'न्हाय' म्हणाली नसती तर एव्हाना सहीही झाली असती. मी थांबलो. तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. महिपती उठून उभा राहिला होता, टोपी सारखी करत, खिशातली प्लास्टिकची पिशवी काढत. 'पुरी होईपर्यंत'च्या पुढं कुणाचं नाव येतं, हे त्याला माझ्यापेक्षा पाठ होतं. बजाबाईची पाठ त्याच्याकडं होती, तिला तो दिसत नव्हता. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

कागद माझ्या हातात होता. साहेबांच्या नाही. तिला वाचता येत नव्हतं. मी नुसतं 'संरक्षणगृहात ठेवण्यात यावे' असं वाचलं असतं तर कुणालाही पत्ता लागला नसता. मग शाईचा ठिपका पडलाय या निमित्तानं कागद बदलून घेता आला असता. तिचंही भलं झालं असतं आणि माझी सोळा वर्षंही तशीच राहिली असती. शिरस्तेदाराची, माझ्या बढतीची जागा पावसाळ्यात रिकामी होणार होती. काय बिघडत होतं? चांगल्यासाठीच तर खोटं वाचायचं होतं.

माझे वडील सिद्धलिंगप्पा होटगीत पत्रं वाचून दाखवायचे. रेल्वेची गँग, त्यांची म्हातारी माणसं, कुणाला अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर रांग लागे. मला ते कानडीत सांगत, 'अक्षर नुंगब्याड', अक्षर गिळू नकोस. ज्याचं आहे त्याला सगळं दे. मी मॅट्रिकला बसलो त्या वर्षी सोजरबाई पत्र घेऊन आली. तिचा पोरगा हिंदुराव वाडी जंक्शनला इंजिनच्या शेडमध्ये कामाला होता. मी वडिलांच्या खांद्यावरून पत्र बघत होतो, तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की हिंदुराव गेला. वडिलांचा आवाज जरासा बसला, आणि मग ते वाचू लागले, हिंदुराव खुशाल आहे, कामामुळं सध्या येणं नाही. तिला एकदम कसं सांगायचं, म्हणून. उद्या सांगू, परवा सांगू. सोजरबाईनं शेंगांच्या पोळ्या केल्या, फडक्यात बांधून तिकडं जाणाऱ्याजवळ द्यायला घेऊन स्टेशनवर उभी राहायची, सगळ्यांशी हसून बोलायची. अठरा दिवस. मग कुणीतरी वाडीहून आलं आणि कळलं. ती आमच्या दारात आली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "आप्पा, त्या अठरा दिसांत मी हसले वो." वडिलांनी त्यानंतर कुणाचं पत्र वाचलं नाही. ओटा रिकामा पडला. मी मात्र बाहेर पडलो आणि लिहायची नोकरी धरली. वाचायची वेळच येऊ दिली नाही, हे मला तिथं, त्या कोर्टात, कागद हातात धरून उभा असताना पहिल्यांदा उमगलं.

मी वाचलं. "श्री. महिपती यांच्या ताब्यात देण्यात यावे." पुढं त्याच्या बापाचं नाव, गाव, सात-बाराचा नंबर, सगळं वाचलं. बजाबाईचा चेहरा एका क्षणात असा रिकामा झाला की मला बघवेना, पण मी बघितलं. तिनं मागं वळून दाराकडं पाहिलं. महिपती दिसला. ती ओरडली नाही की पळाली नाही. दोन्ही हातांनी समोरचा लाकडी कठडा धरला आणि साहेबांना म्हणाली, "ह्येच्यापास्नं तर आले मी."

"हा काय प्रकार आहे?" साहेब माझ्यावर ओरडले.

मी म्हणालो, "चूक माझी आहे, साहेब. कागद आधीच भरलेला होता. मी न वाचता ठेवला." साहेब बराच वेळ बोलले. मेमो, निष्काळजीपणा, कोर्टाची अब्रू, असलं बरंच. ते सगळं माझ्या अंगावरून पाण्यासारखं गेलं. माझं लक्ष तिच्या हातांकडं होतं. कठड्यावरचे ते हात मी पूर्वी दोनदा धरलेले होते, अंगठ्यासाठी, आणि मला ठाऊकही नव्हतं की बोटांच्या कडांना खडी फोडल्याचे घट्टे अजून तसेच आहेत. साहेबांनी कागद फाडला, नवा हुकूम स्वतः तोंडी सांगितला, मी लिहिला. संपत आला तेव्हा ती म्हणाली, "सायेब, आनि त्येच्यात लिवा की. मला इचारल्याबिगर कुनाच्या ताब्यात द्यायचं न्हाय म्हनून." वकील नाही, शिकलेली नाही, आणि अशा वेळी मागायचं काय हे तिला उमजत होतं. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, आणि मला दिसलं की मला जे झालं होतं तेच त्यांनाही झालं आहे. ते हलक्या आवाजात म्हणाले, "लिहा, महादेवप्पा."

मी लिहिलं आणि न सांगता वाचून दाखवलं. सावकाश. ती म्हणाली, "आनिक एकदा." पुन्हा वाचलं. मग तिनं सकाळसारखेच डोळे मिटले आणि म्हणू लागली. "अर्जदार बजाबाई, वय सव्वीस, हिला चौकशी पुरी होईपर्यंत, येत्या वीस तारखेपर्यंत, शहरातील संरक्षनगृहात ठेवन्यात यावे. अर्जदारास विचारल्याशिवाय तिला कोनाही इसमाच्या ताब्यात देऊ नये." मी कागदावर बोट फिरवत होतो. जावक क्रमांक, तारीख, साहेबांचा हुद्दा, तेसुद्धा तिनं म्हटलं. एक शब्द सुटला नाही, एक पुढंमागं झाला नाही. ऐकता ऐकता माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायचंही सोडून दिलं. 

"पाठ कशाला करता, बाई?" साहेबांनी विचारलं. "कागद आहे ना."

"कागुद तितल्या मानसांपाशी ऱ्हानार," ती म्हणाली. "माज्यापाशी काय ऱ्हानार? एवढंच ऱ्हाईल."

मी शाईची पेटी पुढं केली आणि सवयीनं तिचा हात धरायला गेलो. तिनं हात मागं घेतला. रागानं नाही. स्वतःच अंगठा शाईत टेकवला, कागदावरची जागा मला विचारून घेतली, आणि ठसा उठवला. रेघ न् रेघ स्पष्ट. मी कधी इतका नीट अंगठा उठवला नव्हता. मग पोलीस बाईबरोबर ती निघाली. दाराशी महिपती होता, अजून टोपी सारखी करत. त्याच्याजवळून जाताना तिची चाल ना अडली ना भरभर झाली. तो बाजूला झाला. मला वाटतं, तो बाजूला झालेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

वीस तारखेला काय होईल, गृहातली माणसं कशी असतील, माग खरंच असतील का, यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. पण ती जिथं जाईल तिथं तो हुकूम तिच्या तोंडून बोलेल, एवढं मला माहीत होतं. मी खाली बसलो. महिपती हळूच टेबलाशी आला, वाकून म्हणाला, "असू द्या, अण्णा. हुतं असं. बाकीच्यांचं उरकू या. च्या सांगतो." मी गठ्ठ्याकडं पाहिलं. आठ कागद उरले होते, त्याच्या नावाचे. भिंतीशी आठ बाया होत्या. एरवी त्या आपसात बोलत असत, पेंगत असत. आज कुणी पेंगत नव्हतं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आणि सोळा वर्षांत मला पहिल्यांदाच त्यांचे आठ वेगळे चेहरे दिसले.

तिप्पण्णानं पुकारा केला. पहिली उठली. पातळशी पोर, ओठाला जखम. मी सवयीनं कागद भरला होता की काय, आठवत नाही, पण तो साहेबांपुढं होता, आणि साहेबांनी, तेही सवयीनंच, पेन उचलून विचारलं, "वाचून दाखवलं?"

"न्हाय, साहेब," मी म्हणालो. माझ्याच तोंडून, होटगीचंच. "आता वाचतो."

भिंतीशी उरलेल्या साती जणी उठून जवळ आल्या. मी वाचू लागलो.